बातमीमागची चादर

ही गोष्ट सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. निरोपाच्या कार्यक्रमात टाळलं, कॉलेजातल्या मुलांपुढे बोलायला बोलावलं तेव्हा टाळलं, घरी सुनेनं सहज विचारलं तेव्हाही टाळलं. तशी गोष्ट मी सांगत होतो, पण अर्धीच. ताडीच्या गुत्त्याची बातमी, कारखान्याचं कुलूपबंद दार, मग ते दार कसं उघडलं. ऐकणाऱ्याला ती पूर्ण वाटायची आणि मी ती तशी वाटू द्यायचो. जो भाग मी गाळत होतो त्यात एका बाईवर झालेला अन्याय आहे, आणि तो मी केलेला आहे. ती बाई आता या जगात नाही. आता तरी सगळं नीट लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे.

मी मूळचा नातेपुत्याचा. शेतात मन रमलं नाही म्हणून कॅमेरा शिकलो, लग्नांची शूटिंगं केली आणि चाळिशी उलटल्यावर सोलापुरात एका स्थानिक केबल वाहिनीत लागलो. एका दुकानावरच्या दोन खोल्या, एवढंच आमचं ऑफिस. बातमी मी शोधायची, मीच शूट करायची, मीच लिहायची आणि मीच संगणकावर जोडायची. वाचायला एक निवेदिका बाई होत्या. त्या विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, पण त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. माझे ग्रामीण उच्चार ऐकून त्या हसायच्या. म्हणायच्या, "भाऊ, तुम्ही लिहा, पण मोठ्यानं वाचू नका."

रात्री आठला आमचं बातमीपत्र लागायचं. तेच दुसऱ्या दिवशी सकाळी आणि परत दुपारी एकला दाखवायचो. मोठ्या वाहिन्या सोलापूरची आठवण उन्हाळ्यात तापमान सांगताना काढायच्या. आमच्याकडं मात्र लोक फोन करून सांगायचे, अमुक गल्लीतला चेंबर उघडा आहे, तमुक शाळेवरून विजेची तार लोंबते आहे. आम्ही जायचो, दाखवायचो, आणि पुष्कळदा चार दिवसांत झाकण बसायचं. हे काम मला मनापासून आवडत होतं. त्याचा थोडा ताठाही चढला होता. पुढं जे झालं त्यात त्या ताठ्याचा वाटा आहे, म्हणून हे सांगतो.

एके दिवशी सकाळी एक बाई ऑफिसच्या जिन्यात उभी होती. आत येईना. मी खुर्ची दिली तर म्हणाली, "बसायला न्हाय आले, अण्णा. कारखान्याला जायचं हाय. एक विचारायचं हुतं. टीव्हीवर नाव न सांगता बोलता येतंय का?"

एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात ती कांडी भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. तिचा नवरा तिथंच मागावर होता. कारखान्याच्या मागच्या अंगाला ताडीचा गुत्ता होता. ताडी नावालाच, पाण्यात गुंगीची पावडर मिसळलेली असायची. ज्याला तिची सवय लागे त्याचे हात ती मिळाल्याशिवाय स्थिर होत नसत, आणि हात स्थिर नसले तर मागावर उभं राहता येत नाही. त्यामुळं माणसं पाळी चालू असतानाच मागच्या दारानं जाऊन पिऊन यायची. मालकानं बोलून पाहिलं, आणि मग एक दिवस मागच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं.

"कुलूप घातलं ते एका परीनं बरंच वाटलं मला," ती म्हणाली. "म्हणलं, माझा माणूस तेवढा कमी पिईल. पर गेल्या आठवड्यात एका मागाच्या मोटारीनं ठिणगी टाकली. खाली सुताचा कचरा साचल्याला. भप्पकन् पेटलं की. पुढच्या बाजूला धूर, म्हणून समदी मागं पळाली, तर दार बंद. कुणीतरी पाण्याचं पिंप उलटं केलं म्हणून भागलं. न्हायतर मी हितं नसते."

मालकाला सांगितलं का, असं मी विचारलं. सांगितलं होतं. मालक म्हणाला, आधी नवऱ्यांना आवरा, मग कुलूप काढतो.

तिची एकच अट होती. बोलणारी कोण हे कळता कामा नये. घरात दोघांची हजेरी त्याच कारखान्यावर होती. मी म्हटलं, "चेहरा दिसणार नाही, आवाज बदलू, नाव येणार नाही. माझा शब्द आहे." हा शब्द मी फार सहज दिला.

दुसऱ्या दिवशी तिच्या सुट्टीत मी कॅमेरा पिशवीत घालून तिच्या घरी गेलो. एका ओळीत दोन घरं, मधे एकच भिंत. एकात ती, दुसऱ्यात तिची थोरली जाऊ. जाऊ शाळेचे गणवेश शिवायची. ती मशीन सोडून आली आणि दारात राखणीला बसावं तशी बसली. तिला सगळं माहीत होतं. धाकट्या जावेला माझ्याकडं पाठवलं होतं तिनंच.

खोलीची भिंत निळी होती, वर देवांच्या तसबिरी आणि मुलाचा शाळेतला फोटो. मला वाटलं, या भिंतीवरून कुणीही घर ओळखेल. म्हणून म्हणालो, "मागं टांगायला काहीतरी द्या. एखादी चादर."

तिनं पेटीतून एक घडीची चादर काढली, लाल आणि पिवळी, मोठ्या कमळांची.

जाऊ दारातून म्हणाली, "ती नको गं. त्या चादरीत खोट हाय."

"कसली खोट?" मी विचारलं.

"हे काय, तिसऱ्या कमळाला पाकळी कमी हाय. सेकंडचा माल, दिवाळीला वाटल्याला. चार लोकांत दाखवायला ही कशाला? थांबा, माझ्याकडची आणते."

मी घाईत होतो. ऊन खिडकीतून सरकत होतं. म्हणालो, "राहू द्या हो. कॅमेऱ्याला पाकळ्या मोजायचं काम नाही."

जाऊ हसली. "तुमी मोजणार न्हाई, पर हितं मोजणारे लई हायत," म्हणाली, आणि उठून तिनंच चादरीचं दुसरं टोक खिळ्याला अडकवून दिलं.

मुलाखत चांगली झाली. बाई शांतपणे बोलली. माझा माणूस वाईट नाही, पण त्या पावडरीनं त्याला बांधून घातलंय, असं म्हणाली. दार उघडं राहिलं तर तो ताडीनं मरेल आणि बंद राहिलं तर आम्ही सगळे जळून मरू, मग आम्ही काय मागायचं, असं तिनं विचारलं. इतक्या वर्षांत कॅमेऱ्यासमोर इतकं स्पष्ट कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

गुत्त्याचं आणि बाहेरून कुलूप लावलेल्या दाराचं चित्रण मी लांबून केलं. चेहरा धूसर केला, आवाज जाड केला. रात्री आठला बातमी लागली आणि फोन सुरू झाले. दोन माणसं तर आमच्या ऑफिसात येऊन माझा हात हातात घेऊन गेली.

फोन थांबल्यावर निवेदिका बाई जवळ आल्या. त्या कारखान्याचं नाव आम्ही घेतलं नव्हतं, तरी त्यांनी ते घेतलं आणि म्हणाल्या, "तिथली आहे ना ती?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मागं चादर लावलीत ना, तिच्यावरून. भाऊ, तुम्ही नातेपुत्याचे. तुम्हाला चादर म्हणजे पांघरायची वस्तू. आमच्याकडं चादर बघितली की माग कुणाचा ते सांगतात. जेकार्डच्या मागावर नक्षी छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून येते. प्रत्येकाचे पुठ्ठे वेगळे. त्यात एखादा पुठ्ठा फाटलेला असला तर तेवढी पाकळी गळते. तो लॉट बाजारात जात नाही, त्याच कारखान्यातल्या माणसांना वाटतात. अशा चादरी किती बायकांकडं असणार? त्यातल्या कांडीवाल्या किती, आणि त्यात ताडी पिणाऱ्याची बायको कोण? सकाळच्या बातम्यांतून मुलाखत काढा. नाहीतर चादर तरी धूसर करा."

तासाभराचं काम होतं. संगणक चालूच होता. पण मुलाखत काढली तर बातमीत काही उरत नव्हतं, आणि चादर धूसर करायची म्हणजे बाईभोवतीचं सगळं चित्र पुसून टाकायचं. मी कौतुकानं भरून गेलो होतो. "मालक काय पाकळ्या मोजत बसणार आहे का?" म्हणालो. काही तासांपूर्वी जावेनं जे सांगितलं होतं ते मला त्या क्षणी आठवलं. आठवलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

बातमी सकाळी तशीच लागली, दुपारी तशीच लागली.

दुपारी तीनच्या सुमाराला कारखान्याच्या मालकाचा फोन आला. चिडलेला अजिबात नव्हता. "बातमी चांगली केलीत," म्हणाला. "रात्री मी लग्नाला होतो, बघितली नव्हती. आता जेवताना लागली. दाराचं मी बघतो, माझ्याही जिवाला त्या कुलपाचा घोर लागून होता. फक्त एक सांगतो, राग मानू नका. पुढच्या वेळी कुणाला लपवायचं असेल तर माझीच चादर लावू नका."

मी बहुतेक "बरं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती बाई परत जिन्यात उभी. आता कामाला जायची घाई नव्हती. नवराबायको दोघांनाही उद्यापासून येऊ नका असं सांगितलं होतं. कारण काही दिलं नव्हतं. मुकादम एवढंच म्हणाला होता, बाई, टीव्हीवर बोलायची तुला हौस आहे, तर तिकडंच नोकरी कर.

तिनं मला विचारलं, "अण्णा, तुमच्यातल्या कुणी सांगितलं का? खरं सांगा. मी काय भांडायला न्हाय आले."

इथं मी थांबतो आणि नीट लिहितो, कारण इतकी वर्षं मी हेच टाळलं. मला माहीत होतं. आदल्या दिवशीच मालकानं तोंडानं सांगितलं होतं. "ताई, माझ्या हातून चूक झाली, चादरीवरून ओळखलं," एवढंच बोलायचं होतं. निवेदिका बाई आतल्या खोलीत बातम्या वाचत होत्या, त्यांचा आवाज येत होता. माझ्या मनात आलं, ही बाहेर सांगेल की यांच्याकडं बोललं तर नोकरी जाते, मग उद्या आमच्याशी कोण बोलेल? हे मनात आलं ते खरं. पण त्याच्या मागं, लोकांनी माझा हात हातात घेतला होता तो सुटायला नको, हेही होतं.

मी म्हणालो, "आमच्याकडून नाही गेलं. आमच्याकडून जाणंच शक्य नाही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मग माझी जाऊच असणार. दुसरं कोण हुतं तितं? तिच्या भावाचा मुलगा त्या मालकाकडं गाडी चालवतोय."

मी गप्प राहिलो. नाही, त्या नसतील, एवढं तरी म्हणता आलं असतं. ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागेपर्यंत मी तिथंच उभा होतो. हाक मारायला तेवढा वेळ पुरेसा होता.

आठवड्याभरात मागच्या दाराचं कुलूप निघालं. आम्ही तेही दाखवलं. गुत्ताही काही महिने बंद झाला. आमच्या दृष्टीनं बातमी संपली. तिच्या घरात ती तेव्हा सुरू झाली होती. ताडी एकाएकी तुटल्यावर तिच्या नवऱ्याला झटके यायला लागले. तो भिंतीवर डोकं आपटायचा, नसलेली माणसं त्याला दिसायची. त्याला धरून ठेवायला दोन माणसं तरी लागायची. ती एकटीच त्याच्या छातीवर बसायची. भिंतीपलीकडं जाऊ मशीन बंद करून ऐकत बसायची आणि हिनं हाक मारायची वाट बघायची. हिनं हाक मारली नाही. एकदा जाऊ आपण होऊन दारात आली, तर हिनं आतून कडी लावली.

हे सगळं मला निवेदिका बाईंनी सांगितलं. त्यांची मावशी त्याच गल्लीत राहायची. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, मी सांगू शकते. पण ते तुमच्या तोंडून गेलं पाहिजे."

"जातो की रविवारी," मी म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या नवऱ्याची बदली झाली आणि त्या सोलापूर सोडून गेल्या. जाताना त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, मी गेलो असेन असं त्यांनी धरलं, किंवा गेलो नाही हे ओळखून विचारायचं टाळलं.

एका रविवारी मी निघालो होतो. त्या गल्लीच्या तोंडाशी टपरीवर चहा घेतला. जाऊ समोरून शिवलेल्या गणवेशांचं गाठोडं काखेत घेऊन गेली. मला तिनं ओळखलं. थांबून म्हणाली, "काय टीव्हीवाले, आज कुणाची बातमी?" बोलण्यात टोचणी नव्हती. मी म्हणालो, सहज आलो होतो. ती म्हणाली, "घरात या की, चहा टाकते." टपरीवरचा चहा दाखवून मी म्हणालो, हा काय घेतलाच. ती गेली आणि मी उलट्या वाटेनं बसस्टॉप गाठला.

नंतर वाहिनी बंद पडली. लोक बातम्या मोबाईलवर बघू लागले. माझी पत्नी गेली, गुडघे दुखू लागले, वर्षं निघून गेली. ताडीच्या त्या पावडरीच्या बातम्या अजून अधूनमधून येतात, कधी एका वस्तीतून, कधी दुसऱ्या. त्या आल्या की घरचे म्हणतात, बाबांनी हे कधीच दाखवलं होतं. गेल्या हिवाळ्यात असंच कुणीतरी म्हणालं आणि मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून मी त्या गल्लीत गेलो. काय बोलायचं ते रिक्षात दोनदा म्हणून बघितलं.

धाकटी घरी होती. केस पांढरे झालेले, पण बसायची पद्धत तीच, ताठ. नवरा कॉटवर बसून चहा पीत होता. ताडी सुटली ती कायमची सुटली, आता एका अपार्टमेंटवर राखणदारी करतो म्हणाली. मला बघून तिला मनापासून आनंद झाला. सुनेला सांगू लागली, "ह्या अण्णांनी आमचं दार उघडलं बघ. न्हायतर आज कोण असतं हितं?" मला पोहे करून दिले. बशीतलं संपेना, तरी वरून शेव घातली.

मी विचारलं, "तुमच्या जाऊबाई?"

"गेली की. दिवाळीच्या आधी. पोटाचं दुखणं निघालं." ती पदरानं हात पुसत माझ्यासमोर बसली. "लेकी लांब. शेवटाला मीच केलं तिचं, दोन महिने. एक दिवस न्हाऊ घालताना म्हणलं, अक्का, तू सांगितलंस ते सांगितलंस, मी माफ केलं तुला. किती दिवस धरून ठेवायचं?"

"त्या काय म्हणाल्या?"

"पहिल्यांदा कवा कवा म्हणायची, मी न्हाय सांगितलं, शपथ घे म्हणायची. त्या दिवशी कायच न्हाय. भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाली, तुला बरं वाटत असंल तर तसं समज. लई शांत झाली त्याच्यानंतर. मलाबी बरं वाटलं, अण्णा. माफ केलं की आपलंच ओझं उतरतंय."

तिचा नवरा कॉटवरून म्हणाला, "अक्का चांगली हुती."

"चांगली हुतीच की," ती म्हणाली. "एक चूक झाली माणसाकडनं, म्हणून काय वाईट हुतंय व्हय?"

बोलायची वेळ तीच होती. मी पोहे संपवले, चहा घेतला, सुनेच्या मुलीच्या हातावर खाऊसाठी काही ठेवलं आणि उठलो. परतीच्या रिक्षात मी स्वतःला समजावलं की तिच्या मनाला लाभलेली शांतता मोडायचा मला काय अधिकार आहे. घर येईपर्यंत तेही टिकलं नाही. मी तिच्यासाठी गप्प बसलो नव्हतो. पहिल्यांदा जिन्यात ज्या कारणानं गप्प बसलो त्याच कारणानं त्या दिवशीही बसलो.

हे छापून आलं की एक प्रत तिच्या घरी जाईल. सुनेला चांगलं वाचता येतं. वाचून ती मला काय म्हणेल ते म्हणेल, तो तिचा हक्क आहे. पण रिक्षात जे मी दोनदा म्हणून बघितलं होतं ते तिच्यासाठी नव्हतंच. थोरलीसाठी होतं, आणि मी पोहोचलो तेव्हा ती गेली होती. ते असं होतं:

अक्का, तुम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं. हे मला दुसऱ्याच दिवसापासून माहीत होतं. तुमच्या जावेनं माझ्यासमोर तुमचं नाव घेतलं आणि मी ते तसंच राहू दिलं. तुम्ही मला चहाला बोलावलंत तेव्हाही राहू दिलं. चूक माझी होती आणि ती इतकी वर्षं तुम्ही भोगलीत. मी आधी तुमची माफी मागतो, आणि मग तुमच्यासोबत पलीकडच्या घरात येऊन हे तिलाही सांगतो. चला.